नवस फेडला, खुशीने: रोमन माणसाचं देवांशी नातं

प्रश्न असा आहे: प्राचीन रोमन लोकांचं त्यांच्या देवांशी नेमकं काय नातं होतं? भक्ती होती, भीती होती, की 'मी देतो, तू दे' एवढाच व्यवहार? विचारणाऱ्याने पुढे लिहिलं आहे की या विषयावर जे काही वाचलं ते कोरडं आणि कोर्टकचेरीच्या भाषेतलं वाटलं. इतक्या कोरड्या धर्मावर माणसं एवढी शतकं कशी जगली, हे त्याला उमगत नाही.

मी पंचवीस वर्षं लॅटिन शिलालेख वाचतो आणि शिकवतो. सुरुवातीची बरीच वर्षं माझंही मत हेच होतं. ते बदललं चार अक्षरांमुळे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीपासून डॅन्यूब नदीच्या काठापर्यंत, रोमन सैनिक, व्यापारी आणि मुक्त झालेले गुलाम जिथे जिथे राहिले तिथे दगडाच्या लहान लहान वेदी सापडतात. वर देवाचं नाव, मध्ये देणाऱ्याचं नाव, आणि सगळ्यात खाली चार अक्षरं: व्ही, एस, एल, एम. पूर्ण वाक्य असं: 'व्होटुम सोल्व्हित लिबेन्स मेरितो'. नवस फेडला, खुशीने, आणि देवाचा तो रास्त हक्क होता. मराठी माणसाला हे समजवायला टीप द्यावी लागत नाही. नवस बोलायचा असतो आणि फेडायचा असतो, ही क्रियापदं आपल्याकडे तयारच आहेत. लॅटिनमध्येही तेच: 'सोल्व्हेरे' म्हणजे गाठ सोडवणं आणि कर्ज चुकवणं. नवस बोललेला माणूस 'व्होती रेउस' म्हणवला जायचा. 'रेउस' हा शब्द खटल्यातल्या प्रतिवादीचा.

इथवर सगळं व्यवहाराचंच वाटतं. पण त्यातला तिसरा शब्द बघा, 'लिबेन्स', खुशीने. कर्जफेडीच्या पावतीवर 'खुशीने फेडलं' असं कोणी लिहीत नाही. सावकाराला त्याच्याशी घेणंदेणं नसतं, पैसे पोचले की झालं. हजारो माणसांनी दगडावर खर्च करून हा शब्द कोरून घेतला. तो सवयीचा झाला होता हे मला मान्य आहे, पण माणसं कुठल्या शब्दाची सवय लावून घेतात यालाही अर्थ असतो.

'दो उत देस', म्हणजे 'तू द्यावंस म्हणून मी देतो', हे वाक्य रोमन धर्माचं सार म्हणून सर्रास दिलं जातं. हे शब्द मुळात कायदेपंडितांचे आहेत. करारांचे प्रकार मोजताना त्यांनी ते वापरले, आणि धर्माला ते चिकटवले आधुनिक अभ्यासकांनी. शिवाय नवसाचा क्रम नीट पाहिला तर तो उलटा निघतो. माणूस आधी फक्त शब्द देतो. देव आधी देतो, मग माणूस फेडतो. मागणं पूर्ण झालं नाही तर माणूस काहीच देणं लागत नाही. म्हणजे उधारीवर देणारा देव आहे आणि त्याच्या हातात माणसाच्या शब्दाखेरीज तारण म्हणून काहीही नाही. हे नातं ज्याच्यावर उभं आहे ते म्हणजे शब्द पाळणं. माझ्या उत्तराचा गाभा हाच आहे, बाकी सगळं त्याचा विस्तार.

याचं सर्वांत मोठं उदाहरण इ.स.पू. २१७ मधलं. त्रासिमेनो सरोवराकाठी कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्य कापून काढलं, कॉन्सल, म्हणजे त्या वर्षीचा सर्वोच्च अधिकारी, फ्लामिनियस मारला गेला. फाबियस हुकूमशहा, म्हणजे संकटापुरता सर्वाधिकारी, नेमला गेला. सिनेटसमोर त्याने पहिला मुद्दा मांडला तो असा: फ्लामिनियसची घाई चुकलीच, पण त्याहून मोठी चूक म्हणजे त्याने विधी आणि कौल यांची उपेक्षा केली. मग सिबिलचे ग्रंथ, म्हणजे संकटात सल्ला पाहायचे भविष्यवाणीचे ग्रंथ, उघडले गेले आणि बरेच नवस ठरले. एका नवसात देवांचा राजा ज्युपिटर याच्यासाठी ३०० बैल होते आणि खेळांवर ३,३३,३३३ पूर्णांक एक तृतीयांश 'अस' नाणी खर्च करायची होती, अपूर्णांकासकट. पण खरा नवस होता 'व्हेर साक्रुम', पवित्र वसंत. पुढची पाच वर्षं कार्थेज आणि गॉल यांच्याशी चाललेल्या युद्धांतून रोमन राष्ट्र सुखरूप राहिलं, तर एका वसंतात डुकरं, मेंढ्या, शेळ्या आणि गुरं यांना जी पिल्लं होतील ती ज्युपिटरची.

प्रमुख पुरोहिताने सांगितलं की हा नवस लोकांच्या संमतीशिवाय बोलता येणार नाही, कारण जनावरं लोकांची आहेत. म्हणून मतदान झालं. लोकांसमोर ठेवलेला मसुदा इतिहासकार लिव्हीने दिला आहे आणि त्यातल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. अर्पण करायचं जनावर आधीच मेलं तर दोष नाही. कोणी ते नकळत मारलं तर गुन्हा नाही. कोणी चोरलं तर त्याचं पाप लोकांवर नाही, आणि ज्याच्याकडून चोरलं त्याच्यावरही नाही. नकळत अशुभ दिवशी बळी दिला गेला तरी तो दिला गेला असंच धरावं. रात्री दिला, दिवसा दिला, गुलामाने दिला, स्वतंत्र माणसाने दिला, तरी चालेल.

विद्यार्थी हे वाचून म्हणतात, बघा, पळवाटा. मला यात संकटात सापडलेल्या, घाबरलेल्या शहराचा प्रामाणिकपणा दिसतो. जे निभवता येणार नाही ते कबूल करायचं नाही, आणि जे कबूल केलं त्यात आपण कुठे कुठे चुकू शकतो हे आधीच सांगून टाकायचं. समोरचा देव अशी सबब ऐकून घेईल, तो समंजस आहे, एवढा भरवसा या मसुद्यात गृहीत आहे. आणि मग पुढचं. हॅनिबल इटली सोडून गेला, इ.स.पू. २०२ मध्ये त्याचा पराभव झाला, धोका टळला. नवस फेडला गेला १९५ मध्ये, बोलल्यानंतर २२ वर्षांनी. पुरोहिताने सांगितलं की विधी बरोबर झाला नाही. १९४ मध्ये तो पुन्हा, पहिल्यापासून केला. पाठीशी शत्रू नव्हता, कोणी हिशेब मागत नव्हतं. तरी केला.

चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून, हा नियम रोमन लोकांनी कमालीच्या निष्ठेने पाळला. त्याला 'इन्स्तौरात्सियो' म्हणत. इ.स.पू. १७६ मध्ये आल्बा डोंगरावरच्या लॅटिन उत्सवात लानुव्हियम गावच्या अधिकाऱ्याने एका बळीच्या वेळी 'रोमन जनतेसाठी' हे शब्द म्हटले नाहीत. सगळा उत्सव पुन्हा करायचा ठरलं आणि बळींचा खर्च लानुव्हियमवर पडला. रोमन लेखक प्लिनीने सांगितलं आहे की मोठ्या अधिकाऱ्याच्या प्रार्थनेच्या वेळी एक जण लिखित मजकूर पुढे पुढे सांगतो, दुसरा शब्द बरोबर येतोय ना ते पाहतो, तिसरा शांतता राखायला लावतो, आणि बासरीवाला वाजवत राहतो ते अशासाठी की प्रार्थनेशिवाय दुसरा आवाज कानावर पडू नये. आपल्याकडे मंत्राच्या उच्चाराची काळजी ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना हे विचित्र वाटणार नाही. मात्र रोमन माणसाच्या लेखी शब्दात स्वतःची गूढ शक्ती आहे म्हणून एवढी काळजी, एवढंच त्यामागे नव्हतं. शब्द हा दोघांमधला करार होता, आणि अर्धवट बोललेला करार कोणालाच बांधत नाही.

आता शहर सोडून शेतावर चला, कारण हे नातं तिथे जास्त जवळून दिसतं. रोमन राजकारणी केटोने इ.स.पू. १६० च्या आसपास शेतीवर लिहिलं. त्यात द्राक्षांची दारू बनवणं, कोबीचे गुण, गुलामांचा शिधा यांच्या मध्येच प्रार्थना येतात, तशाच, वेगळं प्रकरण न करता. देवराईतली झाडं विरळ करायची असतील तर आधी डुकराचा बळी द्यायचा आणि म्हणायचं: 'देव असशील वा देवी, ज्याची ही राई आहे त्याला...' राईत कोण राहतं हे माहीत नाही, पण कोणीतरी राहतं आणि जागा त्याची आहे, हे पक्कं. मालकाचं नाव ठाऊक नसलं तरी दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही. माझ्या मते रोमन धर्म समजून घ्यायचा असेल तर हे एक वाक्य शंभर मंदिरांपेक्षा उपयोगाचं आहे.

शेताच्या शुद्धीसाठी दूधपितं डुक्कर, कोकरू आणि वासरू शेताभोवती फिरवायचं आणि मार्सला प्रार्थना करायची. इथला मार्स युद्धाचा देव म्हणून आलेला नाही, तो बांधावरचा राखणदार आहे. 'दिसणारे आणि न दिसणारे रोग' दूर ठेव, धान्य, द्राक्षवेली, झाडं वाढू दे, मेंढपाळ आणि कळप सुखरूप ठेव, मला, माझ्या घराला, घरच्या माणसांना आरोग्य दे. हाक आहे 'मार्स पातेर', बाप मार्स. आणि शेवटी, या बळीने तुझं समाधान झालं नसेल तर त्याबद्दल हा दुसरा बळी घे, असं म्हणायची सोय आहे. देव नाराज होऊ शकतो हे धरून चाललेलं आहे, आणि नाराज झाला तर बोलून मिटवता येतं हेही.

देवांची संख्या हा या विषयातला सर्वांत जास्त चेष्टा झालेला भाग. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनने विचारलं की एका दाराला माणूस एक पहारेकरी ठेवतो, मग रोमनांना तीन देव कशाला: फळीसाठी फोर्कुलुस, बिजागरीसाठी कार्देआ, उंबऱ्यासाठी लिमेन्तिनुस? धान्याची देवी सेरेस हिच्या पूजेत पुरोहित बारा मदतनीस देवांना बोलवत असे. त्यातला एक पडीक जमीन नांगरणारा, एक दुसऱ्यांदा नांगरणारा, एक सऱ्या पाडणारा, एक पेरणारा, एक पेरल्यावर वरून नांगरणारा, एक ढेकळं फोडणारा, एक खुरपणारा, एक निंदणारा, एक कापणारा, एक वाहून आणणारा, एक कोठारात भरणारा आणि एक कोठारातून बाहेर काढणारा. ज्याने शेती पाहिली आहे त्याला यात हसण्यासारखं काही सापडणार नाही. नांगरट चांगली होऊन पेरणी फसते, पेरणी साधून निंदणी राहते, सगळं होऊन कोठारात कीड लागते. प्रत्येक काम वेगळं हुकू शकतं, म्हणून प्रत्येक कामाशी वेगळी ओळख ठेवायची. गव्हावरच्या तांबेऱ्यालाही रोबिगुस नावाचा देव होता. २५ एप्रिलला त्याला कुत्रा बळी देत, पीक सोड म्हणून.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण रोमबाहेर पाचव्या मैलावरचं आहे. तिथे दिया देवीची राई होती आणि 'आर्व्हाल बंधू' नावाचं बारा जणांचं मंडळ तिची पूजा पाही. आपण केलेल्या प्रत्येक विधीची नोंद ते संगमरवरावर कोरून ठेवत. राईत लोखंड नेणं हा दोष, म्हणून नोंद कोरायला लोखंडी हत्यार आत नेताना एक बळी आणि बाहेर काढताना एक बळी. इ.स. १८३ मध्ये मंदिराच्या छतावर अंजिराचं झाड उगवलं. पडक्या देवळाच्या भिंतीतून पिंपळ फुटलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय, हुबेहूब तसंच. झाड काढणं भाग होतं, नाहीतर छत गेलं असतं. त्यांनी आधी बळी दिले, आणि ज्या देवतांना आवाहन केलं त्यांत या तीन होत्या: आदोलेन्दा, कोम्मोलेन्दा, देफेरुन्दा. जाळण्याची, फोडून बारीक करण्याची आणि खाली उतरवण्याची देवता. त्या दुपारी जी जी कामं करायची होती त्यांची ही नावं. लोकांना हा कर्मकांडाचा कळस वाटतो. मला वाटतं, एक झाड तोडताना इतक्या सावधपणे हात घालणारी माणसं जगाकडे मालकाच्या नजरेने बघत नव्हती.

पण भीती, सावधपणा, शब्द हे सगळं खरं असलं तरी जिव्हाळा कुठे आहे? तो घरात आहे. दुर्दैवाने घराबद्दल इतिहासकारांनी फार कमी लिहिलं, म्हणून तो तुकड्या-तुकड्यांनी गोळा करावा लागतो.

रोमन घरात चुलीपाशी किंवा अंगणाच्या भिंतीत लार, म्हणजे घराचा राखणदार देव, याची जागा असे. पाँपेईतल्या व्हेत्तींच्या घरात आजही ती पाहता येते: मध्ये डोक्यावरून पदर घेतलेला घरधन्याचा 'गेनिउस', म्हणजे त्याचा रक्षक देव, दोन बाजूंना नाचणारे दोन लार, खाली सरपटत येणारा साप. जेवताना लारचा वाटा चुलीत जायचा. पंगतीत अन्न जमिनीवर पडलं तर ते उचलून लारसमोर जाळत, असं प्लिनी सांगतो. मुलगा मोठा झाला की गळ्यातला ताईत लारला वाहायचा. नवी नवरी सासरी येताना तीन नाणी आणायची: एक नवऱ्याला, एक घरच्या लारला, एक चौकातल्या लारला. चौकातल्या लारांच्या सणाला, कोम्पितालियाला, रात्री दारांवर लोकरीच्या बाहुल्या आणि चेंडू टांगत, घरात जितकी स्वतंत्र माणसं तितक्या बाहुल्या, जितके गुलाम तितके चेंडू. जिवंत माणसांना सोड, त्यांच्या जागी हे घे, असा त्यामागचा भाव. मोजणीत गुलाम वेगळे होते, त्यांना माणसाचा आकारही नव्हता, हे मी झाकणार नाही. तरी ते मोजले जात होते. केटोच्या शेतावरची कारभारीण स्वतः गुलाम असे, आणि महिन्याच्या तीन ठरलेल्या दिवशी चुलीवर हार घालून लारची पूजा करणं हे तिचं काम होतं.

रोमन नाटककार प्लॉटसच्या एका नाटकात पहिला प्रवेश लारचाच आहे. तो सांगतो: या घरातल्या आजोबाने माझ्यापाशी सोनं पुरून ठेवलं. त्याच्या मुलाने माझी कदर केली नाही, मीही त्याला ते दाखवलं नाही. नातू तसाच निघाला. पण नातवाची मुलगी रोज येते, कधी धूप, कधी थोडी दारू, कधी काही, आणि हार घालते. तिच्यासाठी मी ते सोनं सापडू दिलं. हे नाटक आहे, पुरावा म्हणून जपून वापरावं. पण नाटक चालायला हवं असेल तर प्रेक्षकांना असा देव ओळखीचा वाटायला हवा. घरातल्या एका मुलीवर माया असलेला, तीन पिढ्यांच्या वागण्याची नोंद ठेवणारा हा घरातला म्हातारा त्यांना ओळखीचा होता.

पितरांचंही असंच. १३ ते २१ फेब्रुवारी हे पारेन्तालियाचे दिवस. कवी ओव्हिड लिहितो की पितरांचं मागणं थोडं असतं: मूठभर धान्य, चिमूटभर मीठ, दारूत भिजवलेली भाकरी, सुटी व्हायोलेटची फुलं, आणि तेही रस्त्याच्या मधोमध एका खापरावर ठेवलं तरी चालेल. काही थडग्यांत तर आतपर्यंत नळी सोडलेली असायची, वरून ओतलेलं पेय खाली पोचावं म्हणून.

नात्याची खोली नातं बिघडतं तेव्हा कळते, म्हणून आता राग. इ.स. १९ मध्ये लोकांचा लाडका राजपुत्र आणि सेनापती जर्मेनिकस सीरियात वारला. त्याच्यासाठी सगळ्यांनी देवांना साकडं घातलं होतं. चरित्रकार सुएटोनियस लिहितो की तो मेला त्या दिवशी लोकांनी मंदिरांवर दगड मारले, वेदी उलथवल्या, आणि काहींनी घरातले लार उचलून रस्त्यावर फेकले. त्याच्याही आधी, सिसिलीच्या युद्धात वादळात आरमार गमावल्यावर ऑगस्टसने म्हटलं होतं की समुद्रदेव नेपच्यूनची इच्छा नसली तरी मी जिंकेन, आणि पुढच्या खेळांच्या मिरवणुकीतून नेपच्यूनची मूर्ती वगळली. व्यवहार फिसकटला म्हणून कोणी आपल्या घरातली मूर्ती रस्त्यावर भिरकावत नाही. हा राग आपल्या माणसाने ऐन वेळी पाठ फिरवल्याचा आहे.

आणि गरिबांच्या तोंडची भाषा ऐकायची असेल तर इंग्लंडमधल्या बाथ गावच्या गरम झऱ्यात सापडलेले शिशाचे पत्रे वाचावेत. १९७९ आणि १९८० मध्ये झऱ्यात उत्खनन झालं आणि असे सुमारे १३० पत्रे निघाले. तिथली स्थानिक देवी सुलिस, रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडून सुलिस मिनर्व्हा केलं. चोरी झाली की लोक पत्र्यावर तक्रार कोरून झऱ्यात टाकत. दोसिलियानुस नावाच्या माणसाचा टोपीचा अंगरखा चोरीला गेला. तो 'परमपवित्र देवी सुलिस'ला लिहितो की ज्याने चोरला, पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र, त्याला झोप लागू देऊ नकोस, मूलबाळ होऊ देऊ नकोस, जोवर तो माझा अंगरखा तुझ्या मंदिरात आणून देत नाही. दुसऱ्या एकाचे हातमोजे गेलेत. ब्रिटनच्या थंडीत अंगरखा म्हणजे चैन नव्हती, आणि अंगरख्यासाठी न्यायाधीश भेटत नसे. देवी भेटत असे. अर्जाचा मसुदा कचेरीतल्यासारखा आहे, कारण दाद मागायची भाषा त्यांना तीच येत होती.

परक्यांच्या देवांशीही बोलता येतं, हे या सुलिसवरून लक्षात आलं असेल. इ.स.पू. ३९६ मध्ये रोमन सेनापती कामिलुसने व्हेई हे शत्रूचं शहर जिंकलं तेव्हा तिथल्या जूनो देवीला लुटीसारखं उचललं नाही. निवडक तरुण अंघोळ करून, पांढरी वस्त्रं नेसून मंदिरात गेले, आणि एकाने विचारलं, 'जूनो, रोमला येतेस?' बाकीचे म्हणाले, तिने मान डोलावली. तिला आव्हेन्तिन टेकडीवर घर बांधून दिलं. जिंकलेल्या शहराच्या देवीलाही विचारावं लागतं, हे लक्षात घ्या.

इथे महाराष्ट्राचा एक खरा धागा आहे, पण तो ताणू नये. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, आणि पाँपेईत १९३८ मध्ये 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणून ओळखली जाणारी भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, जिच्यासारख्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला सापडल्या आहेत. व्यापाराचा हा सुंदर पुरावा आहे. कोल्हापुरात कोणी पोसायडनची पूजा केली किंवा पाँपेईत कोणी लक्ष्मीची, असं त्यावरून म्हणता येत नाही.

मराठी वाचकाला आणखी एक इशारा देतो. नवस, कौल, देवराई, पितर हे आपले शब्द इतके चपखल बसतात की पुढचंही सगळं बसेल असं वाटू लागतं. 'भक्ती' बसत नाही. देवात विरून जावं, देवाने जन्ममरणातून सोडवावं, असं काही रोमन माणूस ज्युपिटरकडे मागत नव्हता. 'प्रसाद'ही तंतोतंत बसत नाही. बळीच्या जनावराचं काळीज, फुप्फुस, यकृत देवाचं, मांस माणसांचं, म्हणजे एकाच जेवणात मानाप्रमाणे वाटे. देव हा शहराचाच एक रहिवासी, सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत बलवान, आणि ज्येष्ठांना जे देणं लागतं त्याला 'पिएतास' म्हणत. आईवडिलांबद्दलचा आणि देवांबद्दलचा शब्द एकच होता. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने पिएतासची व्याख्या 'देवांप्रती न्याय' अशी केली आहे.

म्हणून 'त्यांचा खरंच विश्वास होता का' हा प्रश्न त्यांना नीटसा कळला नसता. त्यांच्याकडे श्रद्धेची कलमं नव्हती आणि धर्माला नावही नव्हतं. 'पेगन' हे नाव त्यांना ख्रिस्ती लोकांनी नंतर दिलं, 'पागानुस' म्हणजे मुळात खेडवळ. सिसेरोच्या संवादातला कोत्ता हा पुरोहित देवांच्या अस्तित्वाचे तत्त्वज्ञांनी दिलेले पुरावे एकेक करून खोडतो, आणि पूर्वजांनी दिलेला धर्म मात्र कारण न विचारता पाळीन म्हणतो. आज याला दुटप्पीपणा म्हणतील. मला तो तसा वाटत नाही. बापाचं ऋण मानायला बापाची व्याख्या करता यावी लागत नाही. राज्यालाही माणसाच्या आतल्या ओढीची जाणीव होती. इ.स.पू. १८६ मध्ये सिनेटने मद्याचा देव बाक्खुस याच्या गुप्त पूजा कठोरपणे मोडल्या, पण त्याच ठरावात लिहिलं की कोणाला ही पूजा करणं आपल्याला भागच आहे असं वाटत असेल तर त्याने रोमला येऊन अर्ज करावा, आणि किमान १०० सिनेटर हजर असताना निर्णय व्हावा.

तत्त्वज्ञ सेनेकाने रोमच्या कॅपिटोल टेकडीवरचं एक दृश्य लिहून ठेवलंय, रागाने, अंधश्रद्धेचा नमुना म्हणून. ज्युपिटरला कोणी भेटायला आलेल्यांची नावं सांगतंय, कोणी किती वाजले ते सांगतंय. काही बायका मूर्तीपासून लांब उभ्या राहून जूनो आणि मिनर्व्हाचे केस विंचरल्यासारखी बोटं हलवताहेत, एक जण आरसा धरतेय. कोणी आपल्या खटल्याची कागदपत्रं देवाला दाखवतंय. आणि एक म्हातारा, थकलेला नट, एके काळचा नावाजलेला, रोज तिथे येऊन आपला खेळ करतोय. माणसांनी त्याच्याकडे बघणं सोडलं होतं, देव बघतील म्हणून. त्या नटाने नवस बोलला नव्हता, काही मागितलं नव्हतं. त्याच्याकडे जे होतं ते तो रोज घेऊन यायचा. सेनेका मोठा माणूस होता, पण त्या सकाळी त्याच्यासमोर काय चाललं होतं ते त्याला दिसलं नाही, असं मी वर्गात दरवर्षी सांगतो.

८ नोव्हेंबर ३९२ ला सम्राट थिओडोसियसने कायदा केला. मोठी मंदिरं आणि सरकारी बळी यांच्यावर आधीच बंदी आली होती. हा कायदा घरात शिरला: लारला अग्नी द्यायचा नाही, गेनिउसला दारू वाहायची नाही, पेनेट्सना, म्हणजे घरातल्या कोठाराच्या देवांना, धूप दाखवायचा नाही, दिवे लावायचे नाहीत, हार टांगायचे नाहीत, झाडाला फीत बांधायची नाही. बांधलीच तर घर किंवा जमीन जप्त. केटोच्या शेतावरच्या कारभारणीने चुलीवर हार घातला होता, त्याला तोवर साडेपाचशे वर्षं झाली होती.